सोलापूरच्या उन्हात आणि व्होल्टेजमध्ये टिकणारा यूपीएस: जोडणी आणि सेटिंग

यूपीएस घ्यायला गेलेला माणूस दुकानात एकच प्रश्न विचारतो: लाईट गेल्यावर किती वेळ चालेल? सोलापुरात त्याच्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. यूपीएस ठेवणार कुठे, आणि तिथल्या बोर्डात दिवसभरात किती व्होल्टेज येतं? आपल्याकडे लाईट जाऊन जाऊन बॅटऱ्या जेवढ्या खराब होतात, त्यापेक्षा जास्त त्या उन्हाळ्याच्या उकाड्याने खराब होतात, आणि व्होल्टेज जरा हललं की यूपीएस उगाच बॅटरीवर जातो त्याने. या दोन्ही गोष्टींवर इलाज आहे. जागा नीट निवडायची, जोडणी बरोबर करायची आणि तासभर बसून सेटिंग करायचं.

घरातला एखादा कॉम्प्युटर, पूर्व भागातल्या कारखान्यात चादरीची जॅकार्ड डिझाईन काढणारं मशीन, नवी पेठेतलं करसल्लागाराचं ऑफिस किंवा जुळे सोलापुरातला एमएस-सीआयटीचा क्लास, एवढ्यांना पुरेल इतकी माहिती इथे देतो. दोन केव्हीएच्या (केव्हीए म्हणजे हजार व्हीए, यूपीएसच्या ताकदीचं माप) वरचा यूपीएस बहुतेक वेळा थेट वायरिंगला जोडावा लागतो. ते काम लायसन असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

एक गोष्ट आधीच पक्की करू. साधा यूपीएस लाईट नसताना काम चालू ठेवण्यासाठी नसतो. फाईल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायला वेळ मिळावा, आणि पाच-दहा सेकंदांच्या झटक्यात मशीन रिस्टार्ट होऊ नये, यासाठी तो असतो. दोन-दोन तास काम चालवायचं असेल तर मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर लागतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आधी लोड मोजा

यूपीएसच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ६०० व्हीए छापलेलं असतं. खरा उपयोगी आकडा मात्र शेजारी बारीक अक्षरांत असतो: ३६० वॅट. साध्या यूपीएसमध्ये व्हीएच्या साधारण ६० टक्के वॅट मिळतात, म्हणजे एक केव्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ६०० वॅटचा. तुमचा लोड नेहमी वॅटशी ताडून बघा.

ऑफिसातला साधा डेस्कटॉप काम करताना ६० ते १२० वॅट घेतो, २२ इंची एलईडी मॉनिटर २०-२५ वॅट, राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५-२० वॅट. म्हणजे एका टेबलाचा हिशेब दीडशे वॅटच्या आसपास. त्याला ६०० व्हीए पुरतो. ग्राफिक्स कार्ड असलेलं डिझाईनचं मशीन लोडवर तीनशे-चारशे वॅटपर्यंत जातं, त्याला एक केव्हीएच्या खाली जाऊ नका. एकूण लोड यूपीएसच्या वॅटच्या ७० टक्क्यांपर्यंतच ठेवा.

लेझर प्रिंटर यूपीएसला लावायचा नाही. त्यातला कागदावर शाई भाजणारा रोलर तापतो तेव्हा क्षणभरात शेकडो वॅट ओढले जातात, कधी हजाराच्याही वर. ऑफिसात प्रिंट दिली की यूपीएस किंचाळतो आणि शेजारचा कॉम्प्युटर बंद पडतो, अशी तक्रार आली तर मी आधी टेबलाखाली वाकून प्रिंटरची वायर कुठे गेली आहे ते बघतो. प्रिंटर सरळ भिंतीतल्या बोर्डावर. झेरॉक्स मशीन, पंखा, कूलर, मोबाईल चार्जरांची माळ हेही तिथेच.

किती वेळ मिळेल याचा अंदाज असा काढा. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-अवर. पण ७ अँपिअर-अवर हा आकडा वीस तासांत हळूहळू रिकामी केली तरचा आहे. पंधरा-वीस मिनिटांत ओरबाडून घेतली तर ती निम्म्याहून थोडं जास्तच देते, आणि त्यातलंही काही यूपीएस स्वतःच खातो. १०० वॅटच्या लोडला नव्या बॅटरीवर १५ ते २० मिनिटं धरून चाला. दोनशे वॅटला सात-आठ मिनिटंच मिळतील, कारण लोड दुप्पट झाला की वेळ निम्म्याहूनही खाली येतो.

आठवडाभर व्होल्टेज लिहून ठेवा

हे काम कुणी करत नाही आणि सगळं सेटिंग यावरच अवलंबून असतं. बाजारात प्लगमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो. तो बोर्डात लावून ठेवा. सकाळी कामाला लागताना, भर दुपारी आणि रात्री आठच्या सुमारास आकडा वहीत लिहा.

नियमाप्रमाणे घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतो. २०७ ते २५३ च्या दरम्यान आकडे असतील तर चिंता नाही. पण होटगीजवळ फताटेवाडीला १३२० मेगावॅटचं वीज केंद्र उभं असलं तरी तिथली वीज ग्रिडला जाते. आपल्या घरात किती व्होल्ट येणार ते गल्लीच्या डीपीवर किती लोड आहे आणि आपलं घर त्या डीपीपासून किती लांब आहे त्यावर ठरतं. यंत्रमागांच्या भागात एकाच लाईनवर मोटरी सुरू-बंद होतात, त्या सुरू होण्याच्या क्षणी व्होल्टेज दचकतं. मंगळवेढा, सांगोला, पंढरपूरकडच्या वस्त्यांवर शेतीपंप चालू असताना ते १८०-१९० पर्यंत उतरतं आणि मध्यरात्री पंप बंद झाले की वर चढतं. नुसता उतरलेला आकडा लिहू नका, चढलेलाही लिहा. सतत २६० च्या वर राहणारं व्होल्टेज कमी व्होल्टेजपेक्षा जास्त नुकसान करतं. तशी नोंद मिळाली तर यूपीएस लावून गप्प बसू नका, महावितरणकडे लेखी तक्रार करा.

आता कॉम्प्युटरच्या मागे जाऊन एसएमपीएसवरचं, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यावरचं, लेबल वाचा. तिथे १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल, तर १७० व्होल्टवरही ते मशीन सुखाने चालतं. २००-२४० लिहिलं असेल तर तेवढी सवलत नाही. ही दोन प्रकारची लेबलं लक्षात ठेवा, सेटिंग करताना लागतील.

अर्थिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका

मल्टिमीटर एसीच्या ६०० किंवा ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. हात कोरडे, पायात चप्पल. सवय नसेल तर वायरमनला बोलवा, पण त्याच्या शेजारी उभं राहून आकडे स्वतः लिहून घ्या. थ्री-पिन सॉकेटकडे तोंड करून, मोठं भोक वर ठेवून बघितलं तर उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल असायला हवं.

फेज ते न्यूट्रल जेवढे व्होल्ट, जवळपास तेवढेच फेज ते अर्थ दिसले पाहिजेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. फेज ते अर्थ साठ, नव्वद, एकशेवीस असं काहीतरी अधांतरी दिसलं तर अर्थची वायर कुठेतरी तुटली आहे किंवा जोडलेलीच नाही. आणि न्यूट्रल ते अर्थ अगदी नेमकं शून्य दिसत असेल, खोलीतला लोड वाढवला तरी शून्यच राहत असेल, तर संशय घ्या. कुणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रलमधून वायरचा तुकडा काढून अर्थच्या पिनला लावून दिलेला असू शकतो. हे जीवघेणं आहे. न्यूट्रल तुटलं की कॉम्प्युटरच्या पत्र्यावर सरळ फेज येतो. बोर्ड उघडून तो तुकडा काढून टाकायला लावा.

कॅबिनेटला उघडा हात लागला की मुंग्या येतात, ही तक्रार आपल्याकडे इतकी सर्रास आहे की लोक ती चालवून घेतात. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधून थोडासा करंट अर्थकडे जात असतो. अर्थच नसेल तर तो पत्र्यावर साचतो आणि पत्रा सव्वाशे व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट बारीक असल्याने झटका जोराचा बसत नाही. पण अर्थ नाही याची ती खूण असते, आणि अर्थ नसलेला यूपीएस उंच झटक्यांपासून कॉम्प्युटरला नीट वाचवू शकत नाही.

आपल्या भागातली आणखी एक अडचण जमिनीची. काळी माती उन्हाळ्यात वाळून आकसते, तिला भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाईपभोवती पोकळी राहते. जानेवारीत चांगली असलेली अर्थिंग मे महिन्यात पार कमकुवत झालेली असते. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत आठवड्याला बादलीभर पाणी त्या खड्ड्यात घाला. पाणी जपून वापरावं लागतं हे खरं, पण भांडी धुतलेलं पाणीही चालतं.

क्लाससाठी एक सूचना. प्रत्येक एसएमपीएसमधून एखाद-दोन मिलिअँपिअर अर्थकडे जातातच. पंधरा कॉम्प्युटर एकाच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) असले की ती विनाकारण पडायला लागते, आणि मग कुणीतरी ती काढूनच टाकतं. तसं करू नका. लोड दोन-तीन आरसीसीबींवर वाटून घ्या.

कुठल्या प्रकारचा यूपीएस

घर आणि छोट्या ऑफिसांसाठी लाईन-इंटरॅक्टिव्ह प्रकार बरा. यात व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तर आतला ट्रान्सफॉर्मर रिलेने, म्हणजे आपोआप हलणाऱ्या खटक्याने, टॅप बदलून ते सावरतो. तेव्हा आतून टक-टक आवाज येतो आणि बॅटरी वापरली जात नाही. आपल्या व्होल्टेजला हे हवंच. वेगळा स्टॅबिलायझर लावायची गरज नाही. यूपीएसच्या आधी स्वस्तातला स्टॅबिलायझर लावला तर दोघांचे रिले एकमेकांशी भांडत बसतात.

लाईट गेल्यापासून बॅटरीवर यायला याला साधारण ४ ते ८ मिलिसेकंद लागतात. एसएमपीएस पूर्ण लोडवर १६ मिलिसेकंद तरी तग धरेल अशा बेताने बनवलेला असतो, म्हणून कॉम्प्युटरला काही कळत नाही. जुना किंवा हलका एसएमपीएस एवढा तग धरत नाही. यूपीएस असूनही लाईट जाताच मशीन रिस्टार्ट होत असेल, तर बॅटरीबरोबर एसएमपीएसही तपासा.

महागड्या डिझाईनच्या मशीनमध्ये ॲक्टिव्ह पीएफसीवाला (पॉवर फॅक्टर सुधारणारा) एसएमपीएस असतो. साध्या यूपीएसची बॅटरीवरची लहर पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि काही पीएफसी एसएमपीएस ती घेत नाहीत; लाईट जाताच बंद पडतात. तिथे शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे लाईनसारखी गुळगुळीत लहर, देणारा यूपीएसच घ्या. सर्व्हर किंवा दहा-बारा मशीनचा क्लास असेल तर ऑनलाईन प्रकार. तो सतत एसीची डीसी आणि पुन्हा एसी करत असल्याने बदलायला वेळच लागत नाही. मात्र तो दिवसभर गरम राहतो, पंखा चालू राहतो आणि त्याला हवेशीर जागा लागते.

जागा

सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना धरून सांगितलेलं असतं. त्याच्यावर दर दहा अंशांना ते जवळपास निम्मं होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असतात. पत्र्याच्या खोलीत, दार असलेल्या कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात, सीपीयूच्या गरम हवेच्या तोंडाशी ठेवलेल्या यूपीएसच्या पोटात किती होत असतील? म्हणून पुण्या-मुंबईत तीन-चार वर्षं चालणारी बॅटरी इथे दोन उन्हाळ्यांत बसते.

खोलीतली सगळ्यात थंड भिंत शोधा. पश्चिमेची नको, दुपारनंतर ती तापलेली असते. यूपीएस जमिनीपासून वीतभर उंच, चारी बाजूंनी चार बोटं मोकळी जागा ठेवून मांडा. बंद कप्प्यात ठेवायचाच असेल तर कप्प्याचं मागचं फळकूट काढून टाका.

मागाच्या कारखान्यातला यूपीएस उघडला की आत काय दिसतं ते सांगतो. पंख्याच्या जाळीवर सुताच्या बारीक तंतूंचा पांढरट नमद्यासारखा थर बसलेला असतो, बोटाने ओढला तर अख्खी चकती सुटून येते. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत तेच तंतू तेलकट होऊन चिकटलेले. हवा आत जातच नाही. अशा ठिकाणी डिझाईनचं मशीन आणि यूपीएस मागांपासून वेगळ्या, दार लागणाऱ्या खोलीत ठेवा आणि महिन्यातून एकदा यूपीएस बंद करून, प्लग काढून, बाहेरून ब्लोअर मारा. कव्हर उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आत बॅटरी जिवंत असते.

जोडणी

काही कंपन्या नव्या यूपीएसमध्ये बॅटरीची एक वायर मुद्दाम सोडून पाठवतात. मॅन्युअलचं पहिलं पान वाचा, खालचं झाकण सरकवा आणि लाल वायर धन टोकावर घट्ट बसली आहे ना ते पाहा. बसवताना बारीकशी ठिणगी उडते, त्याने घाबरून जाऊ नका.

१. यूपीएसचा प्लग सरळ भिंतीतल्या थ्री-पिन सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेन्शन बोर्ड नको आणि थ्री-पिनचं टू-पिन करणारा अडॅप्टर तर मुळीच नको. एक केव्हीएपर्यंत ६ अँपिअरचं सॉकेट चालतं, मात्र ते ढिलं नसावं. प्लग डुगडुगत असेल तर आधी सॉकेट बदला.

२. काहीही न जोडता, बोर्डाचं बटण चालू ठेवून, रात्रभर चार्ज होऊ द्या. सहा ते आठ तास तर हवेतच. दुकानातल्या फळीवर पडून बॅटरी उतरलेली असते. ती तशीच वापरायला काढली की पहिल्याच दिवशी ‘बॅकअप देत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

३. सकाळी पहिला लोड म्हणून कॉम्प्युटर लावू नका. घरात साठ किंवा शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब असेल तर तो लावा. यूपीएस चालू करा आणि बोर्डाचं बटण बंद करा. बल्ब किंचित लुकलुकेल पण विझायला नको. दहा मिनिटं तसाच ठेवून प्रकाश एकसारखा राहतो का ते पाहा.

४. मग सीपीयू, मॉनिटर, राउटर जोडा. काही यूपीएसच्या मागे दोन गट असतात: एक बॅटरीचा, दुसरा फक्त झटक्यांपासून वाचवणारा. मॉनिटर चुकून दुसऱ्या गटात लागला तर लाईट गेल्यावर कॉम्प्युटर चालू आणि पडदा काळा. सेव्ह काय करणार? राउटरही बॅटरीच्या गटात लावा, अर्ध्यावर आलेला ऑनलाईन अर्ज वाया जाणार नाही.

५. सॉकेट कमी पडली तर यूपीएसच्या पुढे साधा, जाड वायरचा बोर्ड चालेल. स्पाइक गार्ड लावू नका. त्यातले झटके गिळणारे भाग पायऱ्यांच्या लहरीशी जुळत नाहीत आणि बऱ्याच कंपन्या त्याला मनाई करतात. एका यूपीएसला दुसरा यूपीएस कधीच नाही.

चाचणीसाठी बोर्डाचं बटणच बंद करायला सांगितलं, प्लग ओढायला नाही, त्याला कारण आहे. बोर्डाचं बटण फक्त फेज तोडतं, अर्थ जोडलेलीच राहते. प्लग ओढला की अर्थ सुटते, पण बाहेरच्या सॉकेटांत बॅटरीचे २३० व्होल्ट असतातच. याच कारणाने ‘मेन बंद केलंय’ म्हणून यूपीएसच्या पुढच्या वायरीला हात लावू नका. आधी यूपीएसचं स्वतःचं बटण बंद करा.

सेटिंग: किती व्होल्टला बॅटरीवर जायचं

आता वही काढा. पडदा किंवा सॉफ्टवेअर असलेल्या यूपीएसमध्ये संवेदनशीलता हाय, मीडियम, लो अशी बदलता येते. काहींत खालची आणि वरची मर्यादा थेट आकड्यांत देता येते. कुठलं बटण किती सेकंद दाबायचं ते मॉडेलवर अवलंबून आहे, मॅन्युअलमध्ये बघा.

कारखान्यातून तो बहुधा हाय किंवा मीडियमवर येतो. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या एखाद्या सोसायटीत, जिथे आकडा २२० ते २४० मध्ये फिरतो, तिथे तसाच राहू द्या. पण मागांच्या भागात मोटर सुरू झाली की क्षणभर व्होल्टेज खाली जातं, हायवर असलेला यूपीएस लगेच बॅटरीवर उडी मारतो आणि दोन सेकंदांनी परत येतो. दिवसभर हेच. लाईट एकदाही गेलेली नसते आणि बॅटरी झिजत असते. इथे संवेदनशीलता लोवर आणा. आकडे देता येत असतील तर वहीतल्या सर्वांत कमी आकड्यापेक्षा पाचेक व्होल्ट खालची मर्यादा ठेवा, मात्र एसएमपीएसच्या लेबलाकडे बघून. लेबल १००-२४० चं असेल तर १६० पर्यंत जायला हरकत नाही. २००-२४० चं असेल तर मर्यादा यूपीएसने सावरून दिलेल्या व्होल्टेजप्रमाणे ठरवा: यूपीएसच्या बाहेरच्या सॉकेटला मीटर लावून १९५ च्या खाली जात नाही ना ते पाहा.

वरच्या मर्यादेत उदार होऊ नका. २६५ च्या आसपास ठेवा. जास्त व्होल्टेजला यूपीएस बॅटरीवर गेला तर ते त्याचं योग्यच काम आहे.

बीपचा आवाज बंद करायची सोय असते. रात्रीपुरता बंद करा, दिवसा चालू राहू द्या. बहुतेक यूपीएस बॅटरीवर गेल्यावर सावकाश बीप देतात आणि बॅटरी संपत आली की भराभर. हा फरक ऑफिसातल्या प्रत्येकाला ऐकवून ठेवा. भराभर बीप सुरू झाल्यावर सेव्ह करायचं नसतं. सेव्ह पहिल्या बीपलाच करायचं.

कॉम्प्युटरला आपोआप बंद व्हायला शिकवा

यूपीएसच्या मागे यूएसबीचं भोक असेल तर सोबतची केबल कॉम्प्युटरला जोडा. बऱ्याच यूपीएसना विंडोज लॅपटॉपच्या बॅटरीसारखं ओळखतं आणि खालच्या पट्टीत बॅटरीचं चित्र दिसतं. कंट्रोल पॅनेलमधून पॉवर ऑप्शन्स, तिथून चालू प्लॅनचं ॲडव्हान्स्ड सेटिंग, आणि त्यात बॅटरी हा भाग उघडा. ‘क्रिटिकल बॅटरी ॲक्शन’ हायबरनेट करा आणि ‘क्रिटिकल बॅटरी लेव्हल’ ३० ते ४० टक्के.

लॅपटॉपला पाच टक्के चालतात, मग इथे चाळीस का? कारण यूपीएसची बॅटरी जुनी झाली की टक्केवारी सरळ उतरत नाही. शंभरवरून पन्नासवर हळू येते आणि पन्नासवरून एकदम शून्य. शिवाय हायबरनेट करताना सगळी रॅम डिस्कवर लिहायची असते, जुनी हार्डडिस्क असेल तर मिनिटभर तरी जातं. यादीत हायबरनेट दिसतच नसेल तर शट डाऊन निवडा. मात्र न सेव्ह केलेलं काम त्यात जाईल.

लिनक्सवर हेच काम नट किंवा एपीसीयूपीएसडी ही सॉफ्टवेअरं करतात. अनेक मशीन एकाच यूपीएसवर असतील तर एका मशीनला केबल लावून बाकीच्यांना नेटवर्कवरून ‘बंद व्हा’ असा निरोप देता येतो. तसं करताना नेटवर्कचा स्विचही यूपीएसवर घ्या, नाहीतर लाईट जाताच निरोप पोचवणाराच बंद पडलेला असतो.

बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडणारं मूळ सेटिंग) ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ असं एक सेटिंग असतं. टेबलावरच्या मशीनला ‘बंद राहा’ ठेवा. लाईट परत येताना दोन-तीनदा ये-जा करते, तेवढ्यात मशीन चालू-बंद होत राहायला नको. सीसीटीव्हीच्या किंवा सर्व्हरच्या मशीनला मात्र ‘चालू हो’.

घरात इन्व्हर्टर असेल तर

इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक खटका असतो: यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड. यूपीएस मोडमध्ये तो साधारण १८० ते २६० च्या मध्येच लाईनची वीज घेतो आणि दहाएक मिलिसेकंदांत बदलतो. नॉर्मल मोडमध्ये बदलायला ४० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात, तेवढ्यात कॉम्प्युटर पडतो. खटका यूपीएस मोडवर करा. इन्व्हर्टर साइन वेव्ह असेल आणि लोड बेताचा असेल, तर वेगळ्या यूपीएसशिवायही काम भागतं.

इन्व्हर्टरच्या लाईनवर यूपीएस लावायचाच असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. चौकोनी लहर देणाऱ्या इन्व्हर्टरची वीज यूपीएसला वीजच वाटत नाही. घरात लाईट असूनही तो बीप करत बॅटरी संपवतो आणि शेवटी बंद पडतो. जनरेटरवरही असंच होतं, कारण त्याची फ्रिक्वेन्सी हलत असते. तिथे संवेदनशीलता लो करून पाहा.

रोजची सवय, आणि वळवाचा पाऊस

दुकान बंद करताना बोर्डाची सगळी बटणं खाली करायची सवय आपल्याकडे पक्की आहे. यूपीएसचं बटण चालू राहिलं आणि बोर्ड बंद केला, तर त्याला लाईट गेली असंच वाटतं. तो रात्री कुलूपबंद दुकानात ओरडत बॅटरी तळापर्यंत रिकामी करतो आणि सकाळपर्यंत तशीच ठेवतो. लेड-ॲसिड बॅटरीला यापेक्षा वाईट काही नाही. क्रम उलटा ठेवा: कॉम्प्युटर शट डाऊन, मग यूपीएसचं बटण बंद, आणि बोर्डाचं बटण चालूच. बहुतेक यूपीएस बंद असतानाही चार्ज करत राहतात. गड्ड्याच्या यात्रेला किंवा सुट्टीला आठवडाभर बंद राहणार असेल तरी हेच करा.

एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी आभाळ भरून वळीव यायला लागला की मात्र कडकडाट सुरू व्हायच्या आधी प्लग काढून ठेवा. वीज जवळ पडली तर कुठलाही घरगुती यूपीएस पुरा पडत नाही. तांब्याच्या वायरीने येणारं इंटरनेट असेल तर तीही वायर काढा. बरेचदा मदरबोर्ड त्या वाटेने जळतो.

बॅटरी बदलताना

तीन महिन्यांतून एकदा सेल्फ-टेस्ट घ्या. पूर्ण रिकामी करून बघायची चाचणी वर्षातून दोनदाच्या वर नको, तीही बॅटरीला खातेच. नेहमीच्या लोडवर पाच मिनिटंही मिळत नसतील तर बॅटरी गेली. मीटरवर खात्री करायची तर पूर्ण चार्ज करून, यूपीएसपासून सोडवून, काही तास ठेवल्यावर १२.७ च्या आसपास यायला हवेत. पण नुसत्या या आकड्यावर जाऊ नका. खराब बॅटरीही बिनलोड १२.६ दाखवते आणि लोड लावला की दोन मिनिटांत ११ च्या खाली कोसळते. बाजू फुगलेली दिसली तर कुठलीच चाचणी नको. यूपीएस बंद करा, प्लग काढा आणि ती बदला.

नवी घेताना जुनीवरचे व्होल्ट, अँपिअर-अवर आणि टोकांच्या पात्यांची रुंदी तीनही जुळवा. एक केव्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या असतात. दोन्ही एकदम आणि एकाच बॅचच्या बदला. एक नवी एक जुनी ठेवली तर जुनी नवीला सहा महिन्यांत संपवते. बॅटरीवरची तारीख बघूनच घ्या, सहा महिन्यांपेक्षा जास्त पडून राहिलेली परत करा. काढताना आधी काळी वायर, बसवताना आधी लाल. पुन्हा रात्रभर चार्जिंग, पुन्हा बल्बची चाचणी. बसवल्याचा महिना आणि वर्ष मार्करने यूपीएसच्या अंगावरच लिहा.

जुनी बॅटरी विक्रेत्याकडे द्या, तो तिचे पैसे वजा करून देतो. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ती घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. देताना दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, नाहीतर पिशवीतल्या किल्ल्यांनी ती शॉर्ट होते.